सभासदांची वही आणि संगणकाची अवजारे



मी पंडित नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली, लेथवर उभा राहिलो, आणि पुढे कामगार संघटनेचे काम करता करता पन्नाशी उलटली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालणारा डेटाबेसचा प्रोग्राम कोणत्या टूलकिटने बांधावा, या विषयावर माझ्यासारख्याने बोलावे याचे आपणास नवल वाटेल. पण हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. तो माझ्या गळ्यात पडला.

आमच्या संघटनेची सभासदनोंद एका हितचिंतकाने संगणकावर करून दिली होती. नाव, खाते, वर्गणीची पावती, सारे त्यात. पुढे मान्यतेचा अर्ज झाला. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याप्रमाणे अर्जापूर्वीचे सहा महिने सतत किमान तीस टक्के कामगार आपले सभासद होते, हे दाखवावे लागे. सुनावणीला पंधरा दिवस उरले असता संगणक बंद पडला. फाइलची नक्कल आमच्याजवळ होती, पण ती वाचणारा प्रोग्राम नव्या यंत्रावर चढेना, आणि तो करणारा गृहस्थ परदेशी गेलेला. शेवटी पावतीपुस्तके काढून आम्ही नऊ रात्री नावे पुन्हा उतरवली. वही आमची, नावे आमची, वर्गणी आमची. आणि कुलूप मात्र दुसऱ्याचे! त्या नऊ रात्रींनी मला हा विषय शिकायला लावले.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की अशा प्रोग्रामचे दोन भाग असतात. एक कोठार, म्हणजे जेथे माहिती राहते तो डेटाबेस. दुसरा दर्शनी भाग, म्हणजे खिडक्या, बटणे, तक्ते आणि नावे भरण्याच्या चौकटी. हा दर्शनी भाग ज्या तयार अवजारांनी बांधतात, त्या अवजारांच्या पेटीला टूलकिट म्हणतात. लोक आधी पेटी निवडतात आणि मग कोठाराचा विचार करतात. हे कळस आधी आणि पाया मागून, असे झाले. पेट्या दहा-पंधरा वर्षांत बदलतात. नोंद मात्र पन्नास वर्षे टिकावी लागते.

कारखान्यात काम केलेल्यांना हे लवकर पटेल. बोल्टाचे आटे प्रमाणित मापाचे असले तर नट कोणत्याही दुकानात मिळतो. आटे कारखानदाराने मनाचे पाडले की जन्मभर त्याच्याच दारी जावे लागते. कोठाराचेही तसेच. एस्क्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्माण केला आणि तो सर्वांसाठी मुक्त सोडला. त्यावर कोणाचाही मालकीहक्क नाही. सारी माहिती एकाच फाइलीत राहते, आणि ती फाइल विंडोजवरून उचलून लिनक्सवर वा मॅकवर ठेवली तरी जशीच्या तशी उघडते. मात्र त्यात एका वेळी एकच जण लिहू शकतो. तेव्हा एका कार्यालयाची वही असेल तर एस्क्यूलाइट पुरे. चार शाखांतून एकाच वेळी नोंदी व्हायच्या असतील, तर ती फाइल सामायिक फोल्डरात ठेवून सर्वांनी उघडणे धोक्याचे. तेथे पोस्टग्रेससारखा, एका मध्यवर्ती यंत्रावर बसून सर्वांची मागणी पुरवणारा डेटाबेस घ्यावा. तोही मुक्तच आहे.

आता पेट्यांकडे वळू. त्यांच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा ज्या त्या यंत्रणेची स्वतःची बटणे व खिडक्या वापरते. १९९२ साली एडिंबरो विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी सुरू केलेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे या तऱ्हेचे. विंडोजवर तो प्रोग्राम विंडोजचाच दिसतो, मॅकवर मॅकचा. परवानाही उदार आहे. मात्र प्रत्येक यंत्रणेचे बारीकसारीक हट्ट पुरवावे लागतात, म्हणून तिन्ही ठिकाणी चालवून पाहिल्यावाचून निश्चिंत होता येत नाही.

दुसरी तऱ्हा आपली बटणे बहुतांशी स्वतःच रंगवते, म्हणून सर्वत्र वागणूक सारखी राहते. नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीचे क्यूट हे त्यातले प्रमुख. डेटाबेसमधील तक्ता पडद्यावरच्या तक्त्याला थेट जोडण्याची सोय त्यात तयार मिळते. आपल्यासारख्या वहीच्या कामाला हा मोठाच लाभ.

तिसरी तऱ्हा इलेक्ट्रॉनची, २०१३ साली निघालेली. ही आपल्याबरोबर अख्खा ब्राउझरच घेऊन येते. वेबपाने करणाऱ्या मुलांना ती सोपी पडते, हा गुण खरा. परंतु लहानशा वहीसाठीही शंभराहून अधिक मेगाबाइटचा संसार मांडावा लागतो. देणगीत मिळालेल्या जुन्या संगणकावर चालणाऱ्या कार्यालयाला हे ओझे जड जाते.

मग निवडावे कसे? मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न, आपली अक्षरे नीट उमटतात काय? टूलकिटच्या चौकटीत ‘कुऱ्हाड’, ‘ज्योत्स्ना’, ‘दुर्दैव’ असे शब्द टंकून पाहावेत. जोडाक्षर फुटले की पेटी परत करावी. क्रमही पाहावा. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ च्या पाठोपाठ बसवला आहे; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. म्हणून यंत्राला वेगळे सांगितले नाही, तर ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’ च्या आधी लागते. यादीत नाव सापडले नाही की सभासद म्हणतो, मला काढून टाकले!

दुसरा प्रश्न, दुरुस्ती कोण करणार? गावातल्या दोन-चार तरुणांना येत असलेल्या भाषेत काम झाले पाहिजे. एकच माणूस जाणता असेल, तर तो गेला की प्रोग्रामही गेला.

तिसरा प्रश्न, आणि माझ्या मते सर्वांत मोठा : हे अवजार उद्या कोणी काढून घेऊ शकतो काय? क्यूटचाच इतिहास पाहा. १९९६ साली केडीई नावाचा मुक्त प्रकल्प क्यूटवर उभा राहिला, तेव्हा क्यूटचा परवाना पुरता मुक्त नव्हता. कंपनीने उद्या हात आखडला तर काय, या शंकेने १९९७ साली काहींनी जीनोम हा वेगळा संसार थाटला. केडीईवाल्यांनी वाटाघाटीचा मार्ग धरला. १९९८ साली कंपनीशी करार होऊन एक प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचे सार असे की, कंपनीने मुक्त आवृत्ती काढणे थांबवले, तर क्यूट अत्यंत उदार परवान्याखाली खुले करण्याचा अधिकार त्या प्रतिष्ठानाला राहील. पुढे २००८ मध्ये ट्रोलटेक नोकियाने घेतली, नंतर क्यूट डिजिया या कंपनीकडे गेले, आणि २०१४ पासून ते क्यूट कंपनी या नावाने चालते. मालक बदलत गेले, करार नव्याने होत टिकून राहिला. बंधूंनो, चांगुलपणावर विसंबू नये, लेखी करार करावा, हे आम्ही कारखान्याच्या दारात शिकलो. संगणकाच्या दुनियेतही तेच खरे ठरले.

आम्ही शेवटी एस्क्यूलाइट आणि क्यूट घेतले, आणि प्रोग्राम पायथन भाषेत लिहवून घेतला. तरीही दर महिन्याला सारी नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून, कागदावर छापून, कपाटात ठेवतो. उद्या क्यूट गेले तरी वही उघडेल. वीज गेली तरी वाचता येईल.

आपल्यापैकी कोणी सहकारी पतपेढी चालवत असेल, कोणी ग्रंथालय, कोणी भजनी मंडळ. आपला प्रोग्राम करून देणाऱ्याला आजच एक गोष्ट विचारा : तुम्ही उद्या नसलात, तर आमची वही आम्हाला उघडता येईल ना? उत्तर देताना तो अडखळला, तर त्याच दिवशी नव्या प्रोग्रामच्या शोधाला लागा. सुनावणीची वाट पाहू नका.