गाणं आधी रॅममध्ये भरून वाजवलं, तर आवाज खरंच सुधारतो का?

‘गाणं थेट हार्ड डिस्कवरून वाजवू नका. आधी पूर्ण मेमरीत घ्या, मग ऐका. आवाज जास्त मोकळा आणि स्वच्छ येतो.’ संगीताच्या शौकिनांमध्ये हा सल्ला बरीच वर्षं फिरतो आहे. फूबार२०००, जेरिव्हर यांसारख्या प्लेअरमध्ये संपूर्ण फाइल मेमरीत घेऊन वाजवण्याची सोयही आहे. त्यामुळे अनेकांना वाटतं, की यात काहीतरी तथ्य असणारच. मग कुणी रॅम वाढवतो, कुणी महागडं सॉफ्टवेअर घेतो.

थोडक्यात उत्तर असं: मेमरीमुळे गाणं अडखळायचं थांबतं, पण त्याचा दर्जा वाढत नाही. असं का, ते समजून घेऊ.

बफर म्हणजे काय?

जुन्नर तालुक्यातल्या ओझरला विघ्नहराच्या दर्शनाला गेला असाल, तर देवळाजवळून वाहणारी कुकडी नदी पाहिली असेल. याच नदीवर येडगाव धरण आहे. धरणात येणारं पाणी कधीच एकसारखं नसतं. पावसाळ्यात लोंढा येतो, उन्हाळ्यात वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी टप्प्याटप्प्याने येतं. पण आवर्तन सुटतं तेव्हा कुकडी डाव्या कालव्यात किती पाणी जाणार, हे कालव्याचा दरवाजा ठरवतो. वरून पाणी कसं आलं, याच्याशी करमाळ्याच्या शेतकऱ्याला देणंघेणं नसतं. धरण कोरडं पडलं, तरच कालवा बंद पडतो.

संगणकातला बफर हे असंच छोटं धरण आहे. डिस्कवरून किंवा इंटरनेटवरून माहिती तुकड्यातुकड्याने, कमीजास्त वेगाने येते आणि मेमरीत साठते. तिथून ती ठरलेल्या गतीने बाहेर पडते. गती ठरवणारा दरवाजा म्हणजे साउंड कार्डातलं घड्याळ.

धरण मोठं केलं म्हणून पाणी गोड होत नाही. बफर मोठा केला म्हणून आवाजही गोड होत नाही.

आकडे काय सांगतात?

सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं असतात. डावा आणि उजवा असे दोन चॅनल, प्रत्येक मोजमापाला दोन बाइट. म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. चार मिनिटांचं गाणं साधारण ४२ एमबी होतं.

साधी हार्ड डिस्कही सेकंदाला १०० एमबीच्या आसपास माहिती वाचू शकते. गाण्याला लागणाऱ्या वेगाच्या हे ५०० पटींहून जास्त आहे. शिवाय ‘थेट डिस्कवरून’ गाणं असं वाजतच नाही. प्रत्येक प्लेअर थोडा भाग आधी मेमरीत घेतो आणि मगच साउंड कार्डाकडे पाठवतो. तुम्ही वेगळं काही केलं नाही, तरी गाणं मेमरीतूनच वाजत असतं. फरक एवढाच, की त्या वेळी मेमरीत काही सेकंदांचं गाणं असतं की पूर्ण चार मिनिटांचं.

आणि मेमरीत आलेले आकडे डिस्कवरच्या आकड्यांसारखेच, एकही न बदलता येतात. तसं नसतं, तर बँकेचं स्टेटमेंट उघडताना रक्कमही बदलली असती.

मग ‘जिटर’चं काय?

या सल्ल्यामागचा सगळ्यात जड शब्द म्हणजे जिटर. आवाजाचं प्रत्येक मोजमाप अगदी वेळेवर बाहेर पडायला हवं. ते सूक्ष्म अंतराने मागेपुढे झालं, तर आवाजात विकृती येऊ शकते. जिटर ही खरी गोष्ट आहे, पण ती डिस्कमध्ये किंवा रॅममध्ये ठरत नाही. आकड्यांचं विजेच्या लहरींत रूपांतर करणाऱ्या भागाला डॅक म्हणतात. तो ज्या घड्याळावर चालतो, त्या घड्याळाच्या अचूकतेवर जिटर अवलंबून असतो.

आजच्या बऱ्याच यूएसबी डॅकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं. संगणकाने माहिती किती वेगाने पाठवायची, हे डॅकच सांगतो. संगणक थोडा आधी किंवा थोडा नंतर माहिती पुरवतो, ती डॅकच्या छोट्या बफरमध्ये थांबते आणि घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडते.

खोडदमध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं

ओझरहून फार दूर नाही, नारायणगावच्या पूर्वेला खोडद इथे जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. एकाच ताऱ्याकडून येणारी लहर त्या सगळ्यांपर्यंत एकाच क्षणी पोचत नाही. २५ किलोमीटर अंतर कापायला रेडिओ लहरीला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात.

सगळे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती केंद्रात येतात. जो आधी पोचला, त्याला मेमरीत थांबवून ठेवतात आणि मग सगळे एका ओळीत आणून जोडतात. तिथेही मेमरीचं काम थांबवून ठेवणं एवढंच आहे. अचूकता येते ती सगळ्यांना जोडणाऱ्या एका काटेकोर घड्याळामुळे. अँटेनाने पकडला त्यापेक्षा चांगला संकेत मेमरी तयार करू शकत नाही.

मेमरीचा उपयोग कुठे होतो?

*गाणं तुटत असेल तर.* संगणक जुना असेल, एकाच वेळी दहा कामं चालू असतील, तर बफर रिकामा पडतो आणि मध्येच ‘टक्’ असा आवाज येतो. तिथे मोठा बफर नक्की मदत करतो.

*जुन्या कॅसेट उतरवताना.* नारायणगाव ही तमाशाची पंढरी. या भागात घराघरांत वग, भजन, भारुडाच्या जुन्या कॅसेट असतील. त्या संगणकात उतरवताना बफर पुरेसा ठेवा. ऐकताना गाणं तुटलं तर पुन्हा लावता येतं. रेकॉर्डिंग करताना तुटलं, तर तो खड्डा कायमचा फाइलमध्ये बसतो.

*मोबाइलवर ऐकताना.* रेंज कमी झाली, की अनेक ॲप आपोआप हलक्या दर्जाचं गाणं वाजवतात. उच्च दर्जा निवडून गाणं आधी डाउनलोड केलं, तर फरक खरंच ऐकू येऊ शकतो. पण तो फरक मेमरीचा नाही, वेगळ्या, चांगल्या फाइलचा आहे.

*संगणकातूनच खरखर येत असेल तर.* काही स्वस्त संगणकांत डिस्क फिरताना हेडफोनमध्ये बारीक किरकिर येते. फाइल मेमरीत घेतल्यावर ती कमी होऊ शकते. मात्र त्यावरचा खरा इलाज म्हणजे बाहेरून जोडायचा डॅक.

उलटं उदाहरणही आहे. धक्का बसला तरी गाणं अडू नये, म्हणून पूर्वी खिशातल्या सीडी प्लेअरमध्ये मेमरी असायची. मेमरी लहान असल्याने काही प्लेअर त्यात मावण्यासाठी आवाज दाबून साठवत. म्हणजे तिथे बफरमुळे दर्जा थोडा घसरायचा.

‘पण मला तर फरक ऐकू येतो!’

फरक जाणवणं खोटं नसतं, पण त्याचं कारण वेगळं असू शकतं. आवाज अगदी किंचित मोठा असला, तरी तो आपल्याला जास्त चांगला वाटतो. शिवाय आपण बदल केला आहे हे माहीत असलं, की कान तो शोधू लागतात.

खात्री करायची सोपी पद्धत अशी: आवाजाची पातळी एकसारखी ठेवा. मित्राला नाणं उडवून ठरवू द्या, की या वेळी मेमरीतून वाजवायचं की नेहमीसारखं. तुम्ही पडद्याकडे न बघता ओळखा. असं १० वेळा करा. निव्वळ अंदाजाने ७ किंवा अधिक उत्तरं बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. ९ किंवा अधिक येण्याची शक्यता मात्र जेमतेम १ टक्का. ९ आली, तर फरक खरा मानायला हरकत नाही. मग आवाजाची पातळी आणि फाइल सारखीच होती का, हे आधी तपासा.

मग पैसे कुठे घालावेत?

आधी फाइल बघा. कमी दर्जाच्या एमपी३मध्ये जे कापलं गेलं, ते कितीही रॅम टाकली तरी परत येत नाही. त्यानंतर हेडफोन किंवा स्पीकर, आणि स्पीकर असतील तर खोलीतली त्यांची जागा. आवाजातला सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. ब्लूटूथवर गाणं जाताना सहसा पुन्हा दाबलं जातं, म्हणून शांतपणे ऐकायचं तर वायर लावून बघा.

गाणं न तुटता वाजत असेल, तर बफरचं काम झालं. निव्वळ गाण्याच्या दर्जासाठी आणखी रॅम घेऊ नका.