हाडं खिळखिळी झाली म्हणजे गाडी स्पोर्टी होत नाही

बंगळूरुच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आयटी कंपन्यांच्या कॅन्टीनमध्ये बोनसच्या दिवसांत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे स्पोर्ट्स कार. कुणाच्या तरी लॅपटॉपवर कंपनीचा कॉन्फिग्युरेटर उघडलेला असतो. रंग ठरलेला, इंजिनाचा सगळ्यात मोठा पर्याय निवडलेला. सस्पेन्शनच्या रकान्यापाशी बोट थबकलं की टेबलावरचा एखादा जाणकार सांगून टाकतो, "स्पोर्टवालं घे. कडकच पाहिजे. गाडी रस्त्याला चिकटून राहते." कुणी शंका काढलीच, तर उत्तर तयार असतं, "मऊ गाडी हवी तर इनोव्हा घे ना!"

नाशिकहून आलेला असो, नांदेडहून की हुबळीहून, हे वाक्य प्रत्येकाला पाठ आहे. आणि ते चुकीचं आहे. थोडंथोडकं नाही, बऱ्यापैकी.

गाडीला रस्त्यावर धरून ठेवतात ते टायर, आणि प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. ते चार तळहात सतत आणि शक्यतो सारख्या दाबाने रस्त्यावर टेकलेले राहावेत, हे सस्पेन्शनचं काम. स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असली की उंचवटा आल्यावर चाक वर जाण्याऐवजी अख्खी गाडी वर जाते आणि पुढच्या खळग्यात चाक वेळेवर खाली येत नाही. त्या क्षणी टायरवरचा दाब कमी होतो, कधी कधी शून्यावर येतो. हवेत असलेल्या टायरला पकड नसते, मग ती गाडी वीस लाखांची असो की दोन कोटींची. म्हणजे "चिकटून राहते" असं ज्या गाडीबद्दल सांगितलं जातं, तीच खराब रस्त्यावर सगळ्यात आधी सुटते.

यावर दुसरा युक्तिवाद येतो की कडक स्प्रिंगमुळे वळणावर गाडीचं वजन एका बाजूला जात नाही. हा इतक्या आत्मविश्वासाने सांगितला जातो की एकदा आकडे मांडलेले बरे. समजा गाडी १४०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५५ मीटर आहे. वळणावर तिला गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट आडवा जोर बसतोय. मग आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार किती? १४०० गुणिले ०.८ गुणिले ०.५, भागिले १.५५. उत्तर येतं साधारण ३६० किलो. या गणितात स्प्रिंग कुठे आहे? कुठेच नाही. गाडी झुकताना गुरुत्वमध्य जरासा बाजूला सरकतो, तेवढाच काय तो किरकोळ फरक. मिलिकेन पितापुत्रांचं 'रेस कार व्हेईकल डायनॅमिक्स' हे १९९५ चं पुस्तक या विषयात प्रमाण मानलं जातं. त्यातही भाराचं हेच गणित आहे.

मग स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडीचं झुकणं रोखणारी दांडी) करतात काय? ते एकूण भार बदलत नाहीत, त्यातला किती पुढच्या चाकांनी उचलायचा आणि किती मागच्या, हे ठरवतात. पुढची बाजू फार कडक केली तर गाडी वळायला कुरकुरते, मागची केली तर शेपूट बाहेर टाकते. कडक गाडी स्टिअरिंगला चटकन प्रतिसाद देते, हे मात्र खरं, आणि गैरसमजाचं मूळही तिथेच आहे. हाताला तरतरी जाणवते आणि माणूस तिलाच पकड समजून बसतो.

कोल्हापूरकर हमखास गो-कार्टचा दाखला देतात. मोहित्यांच्या ट्रॅकमुळे त्या शहरात लहान पोरांनाही कार्टिंग ठाऊक आहे. "कार्टला तर सस्पेन्शनच नसतं, तरी कशी वळते!" बरोबर, नसतं. पण तिची नळ्यांची चौकट स्वतःच पिळवटते आणि वळणावर आतलं मागचं चाक मुद्दाम उचललं जावं अशीच तिची रचना असते. शिवाय ती काचेसारख्या गुळगुळीत डांबरावर धावते. ती इथल्या सिल्क बोर्डच्या खड्ड्यांनी भरलेल्या सर्व्हिस रोडवर आणून दाखवावी.

फॉर्म्युला कारचंही तसंच. तिथे वेग वाढला की हवा गाडीला खाली दाबते आणि गाडीचा तळ ठरावीक उंचीवरच राहावा लागतो, म्हणून स्प्रिंग दगडासारख्या असतात. ऑफिसला जाणाऱ्या गाडीवर तसा दाब येत नाही. उलट खडबडीत वाटेवरचा वेग पाहायचा असेल तर रॅलीच्या गाड्या पाहाव्यात. कर्नाटकातली के-१००० रॅली असो की नाशिकची रॅली ऑफ महाराष्ट्र, मातीच्या टप्प्यांवर पळणाऱ्या गाड्यांची चाकं वर-खाली जायला भरपूर वाव ठेवलेला असतो. लोटसच्या कॉलिन चॅपमननं १९६२ च्या इलानला मऊ स्प्रिंग दिल्या आणि त्यांच्यावर डँपरचा, म्हणजे शॉकअॅब्जॉर्बरचा, नीट लगाम ठेवला. वळणांवरच्या वागणुकीसाठी ती गाडी आजही नावाजली जाते. २०१७ ची आल्पीन ए११० हलकी, तुलनेनं मऊ, आणि तरीही चपळ.

आता रस्त्याकडे वळू. होसूर रोडवरचा सिल्क बोर्ड ते इलेक्ट्रॉनिक सिटी हा जवळपास १० किलोमीटरचा उन्नत मार्ग २०१० मध्ये खुला झाला. वरून गेलं तर एकामागून एक सांधे लागतात. खालून गेलं तर खड्डे, खोदकाम आणि गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या संहितेत गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. सोसायटीच्या फाटकासमोर सिमेंटचा जो आडवा ओंडका घातलेला असतो, तो ज्यानं घातला त्याच्यापर्यंत ही संहिता पोहोचलेली दिसत नाही. टॉमटॉमच्या २०२४ च्या अहवालानुसार बंगळूरुत १० किलोमीटर कापायला सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे ताशी साडेसतरा किलोमीटर. (पुणेकरांनी हसू नये. त्यांचा आकडा ३३ मिनिटं २२ सेकंद आहे.)

गाडी खाली बसवण्याचं वेड हे कडकपणाच्या वेडाचं सख्खं भावंड. वरच्याच गाडीचा गुरुत्वमध्य २० मिलिमीटरनं खाली आणला तर ३६० किलोंतले कमी होतात जेमतेम १४. त्या १४ किलोंसाठी चाकाला वर जायची जागा २० मिलिमीटरनं घटते. मग मध्यम खड्ड्यातही सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळतं आणि त्या क्षणी स्प्रिंग असून नसल्यासारखी होते. वळणात हे झालं तर पकड एकदम जाते. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या बहुतेक गाड्यांत तर खाली बसवल्यावर पुढच्या आर्म्सचे कोन बिघडतात आणि गाडी झुकवणारी तरफ उलट लांब होते. टाटांनी कोइमतूरच्या जयेम कंपनीबरोबर २०१८ मध्ये टियागो आणि टिगोरच्या जेटीपी आवृत्त्या काढल्या. ११४ अश्वशक्तीचं टर्बो इंजिन दिलं, सस्पेन्शन नव्यानं बेतलं, आणि गाडी खाली आणली ती फक्त ४ मिलिमीटर. भारतीय रस्ता ओळखून काम करणारे इंजिनिअर असे वागतात.

गल्लीतले कारागीर काय करतात? स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरनं उडवतात. वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग आपोआप कडक होते, पण शॉकप जुनाच राहतो, मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी बेतलेला. त्याला ही नवी उसळी आवरत नाही. एका धक्क्यानंतर गाडी एकदा बसून शांत व्हायला हवी, ती तीन-चारदा डुलते. मालक समाधानानं म्हणतो, "आता कशी कडक झाली बघ!"

पर्यायांच्या यादीत खरोखर पैसे टाकण्यासारखी गोष्ट आहे ती बदलते डँपर, म्हणजे धक्क्याप्रमाणे आपला विरोध क्षणात कमीजास्त करणारे शॉकअॅब्जॉर्बर. चुंबकानं दाट होणारं तेल वापरणारे डँपर २००२ मध्ये कॅडिलॅकमधून बाजारात आले आणि आज ही कल्पना अनेक स्पोर्ट्स गाड्यांत आहे. पोर्शनं ७१८ केमनसाठी दोन तऱ्हा ठेवल्या होत्या. बदलत्या डँपरसह १० मिलिमीटर खाली, किंवा स्पोर्ट आवृत्तीत २० मिलिमीटर खाली. इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणाऱ्यानं दुसरी निवडायला काही कारण नाही. नाक उचलण्याची सोय मिळत असेल तर चामड्याची शिलाई सोडून ती घ्यावी.

इंजिनाच्या बाबतीत बंगळूरुत कुणीच न विचारणारा प्रश्न आहे हवेचा. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण १० टक्के कमी, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाला प्राणवायूही तेवढाच कमी आणि ताकदही. ब्रोशरमधला आकडा मात्र प्रमाणित दाबाला, जवळपास समुद्रसपाटीला लागू असतो. त्याच ७१८ मध्ये जीटीएस ४.० चं टर्बोविना इंजिन ४०० अश्वशक्तीचं होतं, एस मधलं २.५ लिटरचं टर्बो ३५० चं. मुंबईत फरक ५० चा. बंगळूरुत पहिलं ३६० च्या आसपास येतं. दुसऱ्याचा टर्बो थोडा जास्त फिरून तूट बरीचशी भरून काढतो. फरक उरतो दहा-पंधराचा, आणि टर्बोचा ४२० न्यूटन मीटर टॉर्क १९०० आरपीएमपासूनच हाताशी असतो, रहदारीत तो जास्त उपयोगी. सहा सिलिंडरचा आवाज आवडतो म्हणून मोठं इंजिन घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, ते उत्तम कारण आहे. पण "जास्त पॉवर" हे इथे तेवढं खरं उरत नाही. डायनोवरचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा, कागदही जपून वाचावा. उंचीची 'दुरुस्ती' टर्बो गाडीलाही लावली की आकडा फुगतो.

आणि लहान इंजिनाला नाक मुरडणाऱ्यांनी सॅन स्टॉर्म आठवावी. बंगळूरुच्या सॅन मोटर्सची, गोव्यात बनणारी ही फायबर बॉडीची दोन आसनी गाडी रेनोच्या ११४९ सीसीच्या, ६० अश्वशक्तीच्या इंजिनावर धावायची. वेगाचे विक्रम तिनं केले नाहीत, पण गाडी हलकी ठेवली की किती थोडक्यात भागतं हे तिच्या मालकांना विचारावं.

बाकीचे गैरसमज भराभर. १०० ऑक्टेन पेट्रोलनं कुठलीही गाडी पळते, हे खोटं. ज्या इंजिनाची जुळवणी त्यासाठी केलेली नाही, त्याच्यासाठी ते फक्त महागडं पेट्रोल. मोठी चाकं दिसायला छान, पण टायरची भिंत पातळ झाली की पहिला धक्का रिमलाच बसतो. इलेक्ट्रिक गाडी स्पोर्टी नसते, हे तर इलेक्ट्रॉनिक सिटीत बोलूच नये. शेजारच्या बोम्मसंद्रात २००१ पासून रेवा ही इलेक्ट्रिक गाडी बनत होती, आणि विजेच्या मोटरला ९२० मीटरवरच्या विरळ हवेशी देणंघेणं नसतं. बॅटरीच्या वजनामुळे स्प्रिंग मात्र कडक द्याव्या लागतात, तेव्हा तिथे डँपर आणखी पारखून घ्यावेत.

"नंतर बाहेरून बदलून घेऊ" हाही एक लाडका बेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा ९ जानेवारी २०१९ चा निकाल सांगतात की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत. विमा कंपनीला हे तोंडपाठ असतं आणि ते तिला दाव्याच्या वेळी आठवतं. जे हवं ते कारखान्यातूनच मागवावं. त्याआधीची टेस्ट ड्राइव्ह उन्नत मार्गावर न घेता त्याच्याखालच्या सर्व्हिस रोडवर, ताशी ४० नं आणि मागच्या सीटवर माणूस बसवून घ्यावी. विक्रेता वरच्याच रस्त्याचा आग्रह धरेल.