कळ दाबली, अक्षर उमटेना

आमच्या वर्गातील एक ताई बचत गटाचा हिशेब लॅपटॉपवर लिहितात. एके दिवशी त्या घाबऱ्याघुबऱ्या आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, हे बघा काय झालं! 'के'ची कळ दाबली की दोनाचा आकडा येतो."

यंत्र बिघडले होते काय? मुळीच नाही. काही लॅपटॉपांत आकड्यांचा वेगळा रकाना नसतो. तेथे 'नम लॉक' चालू झाले की अक्षरांच्या काही कळा आकडे उमटवू लागतात. जे चा एक, के चा दोन, एल चा तीन. ते बंद करताच अक्षरे परत आली. ताईंना हसू फुटलं.

पुढे मात्र खरेच बिघडले. एक अख्खी ओळ मुकी झाली. अशा वेळी काय करावे? प्रथम लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करावा. मग बंद करून, चार्जर काढून, मऊ कोरड्या ब्रशाने कळांमधली धूळ झाडावी. तरी चालेना, तर तारेचा दुसरा कळफलक आणून जोडावा. बाहेरचा चालतो आणि आतला चालत नाही, तर दोष बहुधा आतल्या कळफलकाचा. दोन्ही सारखेच चुकतात, तर तो बहुधा आज्ञावलीचा, म्हणजे सॉफ्टवेअरचा.

ताईंचा बाहेरचा कळफलक चालला. वॉरंटी शिल्लक होती. त्या निघाल्याच दुरुस्तीला! मी म्हटलं, "थांबा ताई, गटाचा हिशेब कुठाय?"

"यातच की."

इथेच पुष्कळजण फसतात. वॉरंटी असते ती यंत्राची. आतल्या मजकुराची नव्हे. दुरुस्तीत डिस्क पुसली गेली, तर हिशेब कोण भरून देणार? म्हणून आधी नक्कल काढावी. त्याला कळफलक लागत नाही, माउस पुरतो. पासवर्ड मागितला तर? दुसरा कळफलक नसला, तरी विंडोजमध्ये पडद्यावर कळा मांडून घेता येतात. त्या माउसने दाबाव्या.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, फोटो ही सारी घरे पाहावी. आम्ही दोन पेन ड्राइव्हांवर नक्कल केली, आणि दुसऱ्या लॅपटॉपवर फाइली उघडून पाहिल्या. नावं दिसली म्हणजे फाइल उघडतेच असे नाही हो!

आणखी एक. नव्या विंडोजमध्ये डिस्कला पुष्कळदा कुलूप असते. मदरबोर्ड बदलला, तर ४८ आकडी किल्ली मागतात. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. आम्ही ती वहीत उतरवली.

स्क्रू स्वतः उघडू नयेत; वॉरंटीवरून वाद होतो. चहा-पाणी सांडलं असेल तर लपवू नये. खरेदीची पावती न्यावी, लॅपटॉपच्या पाठीवरचा क्रमांक टिपून ठेवावा. चार्जर दिला असेल, तर तोही जमापावतीवर लिहून घ्यावा.

लॅपटॉप दुरुस्त होऊन आला, तो आतून कोरा. ताईंनी मुकाट्याने पेन ड्राइव्ह काढला.