‘मला मंत्रचळ तर नसेल?’ : एक रास्त प्रश्न

निवासी शाळेत मुलांबरोबर दिवसरात्र वावरताना एक गोष्ट आम्हा शिक्षकांच्या ध्यानात येते. वारंवार हात धुणारा मुलगा ‘स्वच्छ’ ठरतो, पेटीचे कुलूप दहादा ओढून पाहणारा ‘जबाबदार’ ठरतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा खोडून लिहिणारी मुलगी ‘नेटकी’ ठरते. बहुतेकदा हे कौतुक योग्यच असते. क्वचित मात्र त्यामागे मंत्रचळ, म्हणजे आज ज्यास ओसीडी म्हणतात तो विकार असतो.

या विकारात नकोसा विचार वा शंका मनात बळेच शिरते, अस्वस्थता दाटते आणि ती शमविण्यासाठी धुणे, तपासणे, मोजणे यांसारखी कृती करावीच लागते. क्षणभर सुटका मिळते. शंका पुन्हा परतते. त्याचा आरंभ अनेकदा बालपणी वा किशोरवयात होतो, त्यामुळे ‘हे तेच असेल का?’ हा प्रश्न कित्येकांना मोठेपणी पडतो. परंतु समुपदेशकासमोर बसल्यावर तो ओठांवर येत नाही. ‘चार गोष्टी वाचून आला’ असे हिणवले जाण्याची भीती वाटते. शिवाय आप्तांना इजा करण्याचे किंवा अश्लील असे विचार मनात येत असतील, तर लाज आड येते. वस्तुतः असा विचार येणे आणि तशी इच्छा असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे तज्ज्ञ जाणतात.

प्रश्न विचारणे आवश्यक आहे, कारण उपचार निदानावर अवलंबून असतो. मंत्रचळात नुसता धीर देऊन भागत नाही. ‘काही होणार नाही’ हे वारंवारचे आश्वासनच विकाराला खतपाणी घालते. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे आणि ठरावीक कृती रोखून धरणे, ही त्यावरील प्रमुख मानसोपचार पद्धती होय. गरजेनुसार औषधेही दिली जातात.

मग विचारावे कसे? निष्कर्ष सांगू नये, निरीक्षणे मांडावीत. आठवडाभर वहीत नोंद ठेवावी : कोणता विचार आला, त्यापाठोपाठ काय केले, किती वेळ गेला, काय टाळले. दिवसाकाठी तासाहून अधिक वेळ जात असेल किंवा अभ्यास, काम, नाती यांत अडथळा येत असेल, तर ते अवश्य सांगावे. भेटीच्या आरंभीच म्हणावे, “या नोंदींवरून मला मंत्रचळाची शंका येते. आपणास काय वाटते?” उत्तर नकारार्थी आले तर “कशावरून?” असे नम्रपणे विचारावे. चिंताविकार वा नैराश्य यांतही विचार मनात घोळत राहतात. त्यांतील भेद समजावून सांगणे हे तज्ज्ञाचे कामच आहे. समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. मात्र तोच प्रश्न रोज नव्या माणसाला विचारावासा वाटू लागला, तर ते विचारणेही मंत्रचळाचाच भाग असू शकते. तेही नोंदवावे व सांगावे.

निदानाचे नाव म्हणजे समाजाने मारलेला शिक्का नव्हे, हे आपल्या समाजाने विशेषत्वाने समजून घ्यावे. १९१२ चा कायदा ‘वेड्यां’चा कायदा होता, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाच्या हक्कांचा आहे. त्याच्या कलम ३ नुसार मानसिक आजार मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवावा लागतो. व्यक्तीचा राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जा, तिचा सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गट, किंवा प्रचलित रूढी न मानणे, यांवरून तो ठरविता येत नाही. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देते.

समुपदेशक आधार व दिशा देतो. निदानासाठी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे जावे. औषधे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गात निर्भयपणे हात वर केले आहेत. या दालनातही तो हात खाली राहू नये.