पन्नासच्या आसपास

प्रोब सरळ सॉकेटात घालायचा नसतो. सीआरओचं, म्हणजे ऑसिलोस्कोपचं, ग्राउंड अर्थिंगला जोडलेलं. क्लिप फेजला लागली की भडका. म्हणून मध्ये 12 व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर ठेवला आणि संध्याकाळी रिकाम्या प्रयोगशाळेत घरगुती विजेची लाट मोजायला बसलो.

टाइमबेस 5 मिलिसेकंदांवर. एक आवर्तन चार चौकटींत, म्हणजे 20 मिलिसेकंद, म्हणजे 50 हर्ट्झ. जर्नलात सगळे हेच लिहितात, मीही लिहिलं होतं. पण चौकटीच्या दहाव्या भागाने नजर चुकली की साडेएकोणीस होतात आणि उत्तर येतं 51.3. देशाच्या ग्रिडसाठी ठरलेला पट्टा तर 49.90 ते 50.05 एवढा अरुंद!

मग एकाऐवजी पाचशे आवर्तनं मोजली, तीही लाट शून्याला छेदते तिथे. शिखरावर ती रेंगाळते, नेमका क्षण हाती लागत नाही. शून्यापाशी चढ सर्वांत खडा असतो. थोडी खरखर मिसळली तरी वेळ फारशी सरकत नाही. काउंटरवर 10.006 सेकंद. फ्रिक्वेन्सी 49.97.

उंचीने मात्र छळलं. ट्रान्सफॉर्मरवर लोड नव्हता, त्यामुळे मल्टिमीटर 13.4 दाखवत होता. शुद्ध साइनचं शिखर त्यावरून 18.9 व्हायला हवं. पडद्यावर भरलं सव्वाअठरा. नीट पाहिलं तर लाटेचा माथा चपटा. चार्जर, एलईडी, संगणक नेमके शिखरापाशीच करंट ओढतात, तिथेच ती दबते. मग लॅपटॉपवर दहा सेकंदांचे नमुने घेऊन त्यांवर साइन बसवली. सवयीने फ्रिक्वेन्सी 50 टाकली, तर उंची 16.2! दहा सेकंदांत खरी लाट माझ्या साइनच्या तीन दशांश आवर्तन मागे पडली होती. 49.97 टाकल्यावर 18.9 आले. फ्रिक्वेन्सीतली एवढीशी चूक उंचीतून एवढी वसूल होते, हे पुस्तकात वाचून कधी पटलं नव्हतं.

31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाला जोडलं गेलं. तेव्हापासून ही फ्रिक्वेन्सी साऱ्या देशाची एकच. व्होल्टेज मात्र ज्याच्या त्याच्या गल्लीचं. सातच्या सुमाराला शेजारच्या इमारतीचा पाण्याचा पंप सुरू झाला; मल्टिमीटर 13.1 वर घसरला, लाट किंचित बुटकी झाली. काउंटरवर तेच, 49.97.