गाठीचे कुळ

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने डॉक्टरांच्या प्रांतात नाक खुपसू नये, हे खरे. पण नावे देणे आणि वर्ग पाडणे हा आमचाही धंदाच आहे. ‘कर’ हा शब्द घ्या. एका वाक्यात तो हात, दुसऱ्यात सरकारी पट्टी आणि तिसऱ्यात चक्क आज्ञार्थी क्रियापद! नुसते रूप पाहून अर्थ लावणारा विद्यार्थी हमखास फसतो. मेंदूतल्या गाठींच्या बाबतीत वैद्यकशास्त्रालाही हाच धडा शिकावा लागला.

१९२६ साली अमेरिकेत बेली आणि कुशिंग या दोघांनी मेंदूच्या गाठींची पद्धतशीर वर्गवारी केली. गाठीचा पातळ काप काढायचा, त्याला रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा चेहरामोहरा पाहून नाव ठरवायचे, अशी ती रीत. जागतिक आरोग्य संघटनेची १९७९ ची पहिली वर्गवारीही याच वळणाची होती. पण एक कोडे काही सुटेना. चेहऱ्याने सारख्या दोन गाठी. एकीचा रोगी वर्षानुवर्षे जगे, दुसरीचा वर्षभरात जाई.

उत्तर पेशीच्या पोटात, तिच्या जनुकांत दडले होते. २००८ साली मेंदूच्या गाठींत ‘आयडीएच’ नावाच्या जनुकातला एक बदल आढळला. तो बदल असलेल्या गाठी बहुधा सावकाश वाढतात. तो नसलेल्या, वरून तशाच दिसणाऱ्या गाठी पुष्कळदा फार दांडग्या निघतात. म्हणून २०१६ साली संघटनेने रूपाच्या जोडीला जनुकांचीही साक्ष काढली आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्या साक्षीला मानाचे पान दिले. मज्जारज्जूच्या गाठींचीही अशीच नवी नावनिशी झाली.

लहान मुलांच्या मेंदूतल्या ‘मेड्युलोब्लास्टोमा’ या गाठीचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. ही गाठ एक नसून चार कुळांची निघाली. ‘डब्ल्यूएनटी’ कुळातली दहांपैकी नऊ मुले उपचारानंतर पाच वर्षांनीही हयात असतात; ‘गट तीन’मध्ये हे प्रमाण बरेच घसरते. मात्र कुळ चांगले म्हणून गाफील राहता येत नाही. वाढत्या मुलांना किरणांचा त्रास कमी व्हावा म्हणून टाटा रुग्णालयातील डॉक्टरांनी या चांगल्या कुळातल्या काही मुलांच्या पाठीच्या कण्यावरचे किरण वगळून पाहिले. त्यांतल्या काहींची गाठ परतली आणि तो प्रयोग थांबवावा लागला.

कुळ ओळखायचे कसे? नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तिथे डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जनुके आणि ९ सूक्ष्म आरएनए तपासून कुळ सांगणारी चाचणी बसवली व २०१३ साली ती प्रसिद्ध केली. तिची खुबी अशी, की मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरही ती चालते.

ही खुबी आम्हा यवतमाळकरांना विशेष मोलाची. आमच्याकडचा रोगी शस्त्रक्रियेला नागपूर नाहीतर सावंगी गाठतो आणि पुढच्या तपासणीला मुंबई. माझ्या एका विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीची अशीच गाठ निघाली. तिचे वडील आगपेटीहून लहान असा तो मेणाचा ठोकळा डब्यात, डबा पिशवीत आणि पिशवी छातीशी धरून धामणगावला मुंबईच्या गाडीत बसले. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, “सर, पोरगी बरी व्हावी हा नवस तं होताच, पन ते दोन आठवडे देवाले नुसतं नावच मागत होतो जी.”

आमच्या गावाला इंग्रजी अमदानीत साहेब लोक ‘येवतमाळ’ लिहीत. त्याने गावाचे काही बिघडले नाही. इथे मात्र नावावर औषध ठरते, किरणांची मात्रा ठरते. म्हणून वाचकहो, एवढेच सांगणे: घरात अशी वेळ आलीच, तर रुग्णालयातून निघताना त्या मेणाच्या ठोकळ्याची चौकशी जरूर करा आणि जमिनीच्या सातबाऱ्यासारखा तो जपा. गाठीचे कुळ त्याच्यातच लिहिलेले असते.