व्हीलचेअरवरच्या भक्तांविषयी थोडेसे



आरतीनंतर ज्येष्ठ मंडळी आपुलकीने विचारतात, "पाय केव्हा बरे होणार?" माझे पाय ठणठणीत आहेत. नऊ वर्षांपूर्वी शिडीवरून पडलो तेव्हा दुखावला तो पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू. मेंदूपासून कंबरेच्या वरच्या मणक्यांपर्यंत उतरणारी ही करंगळीएवढी दोरी. हाड सांधते, पण तिचे तुटलेले तंतू जुळवणारे औषध अजून नाही. इजा मानेत झाली तर हातांतलेही बळ जाते. माझी छातीच्या खाली आहे, म्हणून टाळ वाजवता येतात.

न चालण्याची सवय होते. वेळ जातो तो कातडी आणि लघवी सांभाळण्यात. बसल्या जागी रक्तपुरवठा दबतो, दुखत नसल्याने कळत नाही, आणि व्रण पडला की भरायला महिने लागतात. म्हणून मी थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलतो. कीर्तनात माझी चुळबुळ चालते ती बुवांना कंटाळून नव्हे! आणि हो, प्रसादाची गरम वाटी कृपया माझ्या मांडीवर ठेवू नका. भाजले तरी मला कळणार नाही.

पूर्वी अशी माणसे बहुधा दोन-तीन वर्षांत व्रण आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. १९४४ साली इथल्याच स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याची शिस्त लावली आणि माणसे जगू लागली. तिथेच २९ जुलै १९४८ रोजी १६ जणांची तिरंदाजी झाली, तिचे पुढे पॅरालिम्पिक झाले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेले आपले सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवले.

एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्या माणसाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर त्याला आडवे करू नका. रक्तदाब झपाट्याने चढत असतो. ताठ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का पाहा आणि ९९९ला फोन करा.

सत्तरीनंतर घरात नुसते घसरूनही मानेतला मज्जारज्जू दुखावू शकतो. तेव्हा सैल गालिचे आधी उचला. पेन्शनच्या वयानंतर अपंगत्व येऊन रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागू लागली, तर अटेंडन्स अलाउन्ससाठी अर्ज करता येतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. संकोच करू नका, फॉर्म भरायला मी बसतो.

व्रण टाळणारी चांगली गादी काहीशे पौंडांना पडते. आपल्या दोन सभासदांना ती हवी आहे. देणगी मंदिराच्या कार्यालयात "साहाय्य निधी" असे लिहून द्यावी. ज्यांना पैसे जमणार नाहीत त्यांनी एकादशीला गाडीने आणण्या-पोचवण्यासाठी नाव नोंदवावे. चालकांची टंचाई पैशांहून मोठी आहे.